विमानाची शिस्त भोसरीच्या शॉपफ्लोअरवर

पत्र (थोडक्यात):

मी पुण्यात अकरा वर्षं विमानांच्या देखभालीची मॅन्युअल्स लिहिली. गेल्या वर्षी भोसरीतल्या एका पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत डॉक्युमेंटेशनची जबाबदारी घेतली. इंटरव्ह्यूमध्येच सांगितलं होतं की मी इथे एस१०००डी (तांत्रिक मॅन्युअल्स कशी रचायची याचं विमान उद्योगातलं प्रमाण) आणीन आणि सगळं इंग्रजी एसटीईच्या (सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या) नियमांनी लिहीन. मालक खूश झाले, कारण जर्मनी आणि अमेरिकेला मशीन पाठवायची आहेत. आठ महिन्यांत चारशेच्या वर डेटा मॉड्यूल, म्हणजे मजकुराचे कोड दिलेले तुकडे, तयार केले. इलेक्ट्रिकलला २४, न्यूमॅटिकला ३६ असे विमानाच्या मॅन्युअलमधलेच चॅप्टर नंबर दिले. जॉ (पाकीट सील करणारा गरम जबडा) आणि फॉर्मिंग कॉलर (फिल्मला पाकिटाचा आकार देणारा भाग) कुठेच बसेनात, म्हणून त्यांच्यासाठी मनाने नंबर घेतले. सर्व्हिसची मुलं मात्र अजून जुनी पीडीएफ आणि व्हॉट्सअॅपच वापरतात. गेल्या महिन्यात एका ग्राहकाकडे जॉवरचं टेफ्लॉनचं आवरण बदलताना ऑपरेटरचा हात भाजला. मॅन्युअलमध्ये सूचना होती. मालकांनी विचारलं, "मग एवढा खर्च कशासाठी केला?" मला उत्तर देता आलं नाही. हे काम पूर्ण करू, अर्ध्यावर सोडू, की परत विमानांकडे जाऊ?
— एक टेक्निकल रायटर, चिंचवड

उत्तर:

ताई, आधी त्या भाजलेल्या हाताबद्दल बोलू. बाकीचं सगळं त्याच्यामागून येईल.

सूचना मॅन्युअलमध्ये होती असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंच असणार. पण ती कुठे होती? एस१०००डीच्या रीतीने लिहिलेल्या कामात पहिल्या पायरीच्या आधी काय काय येतं ते तुम्हाला पाठ आहे. आधी कोणती कामं झालेली हवीत, किती माणसं लागतील, कोणती हत्यारं, कोणतं ग्रीस, कोणते स्पेअर, मग सुरक्षेच्या अटी, आणि त्यानंतर कुठे पायरी १. हँगरमध्ये हा क्रम अगदी बरोबर आहे. तिथला मेकॅनिक जॉब कार्ड घेऊन आधी स्टोअरला जातो, हत्यारं मोजून घेतो, काम झाल्यावर मोजून परत देतो आणि सही करतो. त्याचं काम जसं चालतं, तसंच पान मांडलेलं असतं.

आता फरसाणाच्या कारखान्यातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. जॉवरचं टेफ्लॉन जळलंय, पाकिटं खालून उघडी पडतायत. मागे कढईवर शेव तळून तयार होतेय आणि मशीनच्या डोक्यावरचं हॉपर भरत चाललंय. ऑपरेटरच्या हातात पंधरा मिनिटं आहेत. तो टॅब्लेटवर तुमचं मॉड्यूल उघडतो, तर पहिल्या दोन स्क्रीनवर फक्त तक्ते दिसतात, आणि त्यातल्या निम्म्या रकान्यांत "लागू नाही". तो पायऱ्यांपर्यंत पोचतच नाही. मित्राला फोन लावतो, नाहीतर सवयीने हात घालतो. जॉ दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतो, आणि बंद केल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. तुम्ही सूचना लिहिली होती, ती त्याच्या हाताच्या वाटेत नव्हती. यात तुमची हयगय नाही. हा मांडणीचा प्रश्न आहे, आणि ती मांडणी दुसऱ्याच माणसासाठी ठरवलेली होती.

तुमच्या पत्राचं मूळ मला इथेच दिसतं. तुम्ही विमानाच्या जगातून उत्तरं घेऊन आलात. ती ज्या प्रश्नांना दिलेली होती, ते प्रश्न तिकडेच राहिले.

ते प्रश्न कोणते होते ते आठवून पाहा. एटीए स्पेक १००, म्हणजे विमानाच्या मॅन्युअलचे चॅप्टर नंबर ठरवणारं अमेरिकी एअरलाइन्सच्या संघटनेचं प्रमाण, १९५६ सालचं. एकाच एअरलाइनकडे निरनिराळ्या कंपन्यांची विमानं असायची आणि प्रत्येकाचं मॅन्युअल वेगळ्या क्रमाने लावलेलं. म्हणून ठरलं की लँडिंग गिअर म्हणजे ३२, मग विमान कुणाचंही असो. आजही मेकॅनिक "बत्तीस" म्हटलं की समजतो. पुढे १९८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगाने एस१०००डी बांधलं, त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची. एका लढाऊ विमानात अनेक देशांतल्या अनेक कंपन्यांचे भाग, आणि ते विमान तीस-तीस वर्षं सेवेत. एकच मजकूर दहा ठिकाणी पुन्हा लिहायला लागू नये म्हणून त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला कोड दिला, आणि सगळे तुकडे एका सामाईक डेटाबेसमध्ये ठेवले. एसटीईची गोष्ट तशीच. १९७९ मध्ये युरोपातल्या एअरलाइन्सनी विमान बनवणाऱ्यांना सांगितलं की आमच्या मेकॅनिकची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना झेपेल असं लिहा. १९८६ मध्ये त्याची पहिली मार्गदर्शिका आली.

आता तुमच्या कंपनीकडे पाहा. मशीन बनवणारी कंपनी एक. सर्व्हिस करणारे तुमचेच इंजिनिअर. एका मशीनचे प्रकार चार-पाच, पण प्रत्येक ऑर्डर थोडी वेगळी. कुणी आधीच्या कंपनीच्या मॅन्युअलशी जुळवून मागत नाही, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की कुठल्याही ग्राहकाने करारात एस१०००डी लिहिलेलं नाही. मग ३६ हा आकडा नक्की कुणासाठी? तुमच्या फिटरने तो कधी ऐकलेलाच नाही. वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही की एस१०००डीने तुम्हाला ही सक्ती केलीच नव्हती. स्वतःच्या उत्पादनासाठी स्वतःची रचना ठरवायची मुभा त्यातच दिलेली आहे. जहाजांसाठी आणि जमिनीवरच्या गाड्यांसाठी तर त्यात वेगळ्या नमुना-रचनाही आहेत, आणि नौदलांत, लष्करी वाहनांसाठी ते नीट वापरलं जातं. म्हणजे उद्योग बदलला की प्रमाण कोसळतंच, असं नाही. वस्तू दीर्घायुषी असेल, पुरवठादार पुष्कळ असतील आणि खरेदीदार ते मागत असेल, तर ते पेलतं. तुमच्याकडे या तिन्हींपैकी फार तर एक गोष्ट अर्धीमुर्धी आहे.

याहून खोल अडचण मजकुरात नाही, तर मजकुराच्या आधी आहे. विमानात कुठला भाग कुठल्या सीरियल नंबरवर आहे हे कागदावर पक्कं असतं. बदल करायचा तर सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे बदलाची लेखी सूचना, निघतं. म्हणून तुम्ही "हे पान या या क्रमांकांच्या विमानांना लागू" असं लिहिता तेव्हा ते खरं असतं. तुमच्या कंपनीत एखादा सेन्सर सहा आठवडे मिळणार नाही असं कळलं की खरेदी विभाग दुसऱ्या मेकचा आणतो. असेंब्लीतला फिटर ब्रॅकेटला एक जादा भोक पाडून तो बसवतो, मशीन चालतं, गाडीवर चढतं, आणि तुम्हाला कुणी काही सांगत नाही. हे मी तुमच्या कंपनीला दोष द्यायला लिहीत नाही. छोट्या-मध्यम मशीन कारखान्यांत बहुतेक ठिकाणी हे असंच चालतं, आणि त्या चपळपणावरच त्यांचा धंदा उभा असतो. पण तुमच्या लागू-असण्याच्या तक्त्यांना ही माहिती मिळतच नाही. त्यामुळे ते जितके बारीक कराल तितके जास्त चुकीचे ठरतील. सर्व्हिसची मुलं जुन्या पीडीएफवर का विसंबून आहेत, त्याचं एक कारण हेच असावं. ती जुनी आहे हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे ती कुठे खोटी आहे तेही पाठ झालंय.

आता एक गोष्ट तातडीची. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल, पण ही आजच पाहा.

विमानाच्या मॅन्युअलमध्ये "वॉर्निंग" म्हणजे माणसाला इजा आणि "कॉशन" म्हणजे यंत्राचं नुकसान. अकरा वर्षं हेच तुमच्या बोटांत बसलंय. अमेरिकेत औद्योगिक मशीनच्या मॅन्युअलला आन्सी झेड५३५ या धोक्याच्या सूचनांच्या अमेरिकी प्रमाणाची रीत चालते, आणि तिथे "कॉशन" म्हणजेसुद्धा माणसालाच इजा, फक्त हलकी किंवा मध्यम. जीव जाऊ शकतो किंवा गंभीर इजा होऊ शकते तिथे "वॉर्निंग", आणि टाळलं नाही तर तसं होणारच असेल तिथे "डेंजर". फक्त यंत्र बिघडणार असेल तर चौथाच शब्द, "नोटीस". शब्द तेच, अर्थ सरकलेले.

मी स्वतः यात चुकले आहे. विमानाचं काम सोडून एका प्रेस बनवणाऱ्या कंपनीत गेले तेव्हा पहिलंच मॅन्युअल अमेरिकेला गेलं. गॅस्केट फाटेल तिथे मी कॉशन लिहिलं होतं, आणि गरम पाइपला हात लागेल तिथे दुसऱ्या एका लेखकाच्या जुन्या पानातून आलेलं कॉशनच राहिलं होतं. ग्राहकाच्या सेफ्टी ऑफिसरने दोन्ही पानं लाल पेनाने गोल करून परत पाठवली आणि विचारलं, "यातल्या कुठल्या कॉशनने माझा माणूस भाजेल?" त्या प्रश्नानंतर आम्ही सगळी पानं थांबवली. तुमच्या चारशे मॉड्यूलमध्ये कॉशन हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारा. दोन-तीन दिवसांचं काम आहे. मशीन अमेरिकेला निघण्याआधी ते व्हायलाच हवं.

हे सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मशीन उद्योगाला स्वतःची प्रमाणं आहेत. ती विमानाच्या प्रमाणांइतकी वलयांकित नाहीत, शिवाय आयएसओची प्रमाणं विकत घ्यावी लागतात, उलट एस१०००डी आणि एसटीई फुकट मिळतात. लोक त्यांच्याकडे ओढले जातात त्याचं हेही एक साधं कारण आहे. मशीनच्या सुरक्षेचा पाया आयएसओ १२१००. मशीनच्या सूचना-पुस्तिकेसाठी आयएसओ २०६०७, २०१९ चं. कुठल्याही उत्पादनाच्या वापर-माहितीसाठी आयईसी/आयईईई ८२०७९-१, तेही २०१९ चं. जर्मनीसाठी तर कायदाच आहे. युरोपचं जुनं मशिनरी डायरेक्टिव्ह जाऊन २० जानेवारी २०२७ पासून नवीन मशिनरी रेग्युलेशन, २०२३/१२३०, लागू होतंय. सूचना त्या देशाला मान्य असलेल्या भाषेत द्याव्या लागतात. डिझाइन करूनही जो धोका उरतो, तो सूचनांमध्ये स्पष्ट सांगावा लागतो. जॉची उष्णता हा असाच उरलेला धोका. त्यामुळे तुमच्या टेफ्लॉनच्या पानाचं मूळ जोखीम-तपासणीच्या कागदात असायला हवं. तो कागद डिझाइन विभागाकडे असेल. मागून घ्या. एस१०००डीचा कोड बरोबर आहे की नाही हे जर्मनीतला तपासनीस विचारणार नाही. हा कागद मात्र मागू शकेल.

मग विमानाच्या जगातून काहीच आणायचं नाही का? पुष्कळ आणायचं. माझ्या मते तिथली सगळ्यात मोलाची वस्तू तुमच्याकडे आहे, फक्त ती तुम्ही इंग्रजीपुरतीच ठेवली आहे. एसटीईचा गाभा हा की एका शब्दाला एकच अर्थ. तिथे "फॉलो" म्हणजे फक्त मागून येणं, सूचना पाळायला दुसरा शब्द. कामाच्या वाक्यात वीसच्या वर शब्द नाहीत, एका वाक्यात एकच काम. हे नियम शब्दशः मराठीत आणता येत नाहीत. मराठीत "पॅनेलवरच्या", "झाल्याशिवाय" असे शब्द इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांचं काम एकट्याने करतात, म्हणून वीस शब्दांचं मराठी वाक्य फार लांब होतं. मी दहा-बाराच्या पुढे जात नाही. आणि "काढण्यात यावे", "तपासण्यात यावे" हे सरकारी वळण आधी हद्दपार करा. त्यात काम कुणी करायचं तेच दिसत नाही. "काढा", "तपासा", बस.

पण एका शब्दाला एकच अर्थ हा नियम मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त जीव वाचवू शकतो. "हवा सोडा" घ्या. त्याच प्रेसच्या कामात मी इंग्रजीतल्या "दाब काढून टाका" या पायरीसाठी मराठी पानावर "हवा सोडा" लिहिलं. टायरमधली हवा सोडतात, म्हणजे बाहेर जाऊ देतात, हाच अर्थ माझ्या मनात होता. फिटरने मात्र जसं नळाला पाणी सोडतात तशी लाइनला हवा सोडली, म्हणजे मेन व्हॉल्व्ह उघडला. सिलिंडर खाली आला. त्याचा हात तेव्हा पाना उचलायला बाजूला होता, एवढंच. तो माणूस चुकला नव्हता. त्याचं मराठी माझ्याइतकंच बरोबर होतं. त्या दिवसापासून माझ्या यादीत "सोडा" हा शब्द बंद आहे. "हवेचा व्हॉल्व्ह बंद करा." "आत उरलेली हवा बाहेर काढा." "गेजचा काटा शून्यावर आला का ते पाहा." तीन वाक्यं, तीन कामं.

"लावा" तसाच. दार लावा म्हणजे बंद करा, दिवा लावा म्हणजे चालू करा, ग्रीस लावा म्हणजे फासा, आणि गार्ड लावा म्हणजे? मिटवा की नटबोल्टने बसवा? तुमच्या मशीनवर बसवलेल्या गार्डला लिमिट स्विच असेल, तर या दोन अर्थांत मशीन चालू होण्या-न होण्याचा फरक आहे. म्हणून बसवायचं तिथे "बसवा", मिटायचं तिथे "बंद करा". अशी पन्नास-साठ शब्दांची मराठी यादी तुम्ही करू शकाल, कारण एसटीईची मुरलेली शिस्त आणि शॉपफ्लोअरचं मराठी या दोन गोष्टी एकाच माणसात क्वचित सापडतात. तुमच्यात त्या आहेत. ही यादी करायला फिटरलाच शेजारी बसवा. शब्द त्याचा, एकाच अर्थाचा हट्ट तुमचा.

आता तुमचा खरा प्रश्न: पूर्ण करू, सोडू, की परत जाऊ.

एस१०००डीत चाललेलं रूपांतर आज थांबवा. चारशे मॉड्यूल वाया गेले असं समजू नका. त्यातला मजकूर नीट लिहिलेला आहे, तो तुकड्यांत आहे, आणि तुकड्यांत लिहिण्याची सवय कुठेही उपयोगी पडते. कोड काढून टाका, किंवा मशीनच्या भागांच्या रोजच्या नावांनी नवे द्या: फिल्म, कॉलर, उभं सील, आडवा जॉ, कटर. पुढेमागे सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर डिटा ही तुकड्यांत लिहिण्याची दुसरी पद्धतही पाहा. आयबीएममध्ये जन्मलेली आणि २००५ पासून खुलं प्रमाण असलेली ती पद्धत मूळची संगणक क्षेत्राची. पण तिच्या २०१० च्या आवृत्तीत मशीन उद्योगासाठी वेगळी सोय केली गेली, आणि धोक्याच्या सूचनांची रचना आन्सीच्या वळणाची आहे. एका उद्योगाचं प्रमाण दुसऱ्याने कसं आपलंसं करावं याचं मला ते चांगलं उदाहरण वाटतं. त्यांनी मशीनवाल्यांना बोलावून आधी त्यांचा धोका समजून घेतला. मात्र हे पुढच्या वर्षी. या वर्षी नवीन सॉफ्टवेअरचं नाव मालकांसमोर काढू नका.

मालकांना उत्तर देता आलं नाही याची तुम्हाला लाज वाटलेली पत्रात दिसते. लाजेचं कारण नाही, पण उत्तर द्यायला जायला हवं, आणि तुम्ही आपणहून जा. एकच पान न्या. त्यावर लिहा की प्रमाण निवडताना माझ्याकडून वापरणारा माणूस पाहायचा राहिला. पुढे स्वच्छ सांगा की कॉशनची तपासणी कधी संपेल, जर्मनीसाठी कोणती प्रमाणं विकत घ्यावी लागतील, आणि सर्व्हिसला सर्वांत जास्त फोन येतात ती दहा कामं कुठली. आणि एकच गोष्ट त्यांच्याकडून मागा: खरेदीने पर्यायी भाग आणला की मशीनच्या सीरियल नंबरसमोर एक ओळ लिहायची. एक वही पुरे. विमानातली अख्खी कॉन्फिगरेशनची (कुठल्या नंबरवर कुठला भाग आहे याच्या नोंदीची) व्यवस्था तुम्हाला इथे उभारता येणार नाही, पण त्या वहीतून तिचा जीव येईल. चूक कबूल करून पुढची तारीख देणाऱ्या माणसाला कारखान्याचे मालक सहसा सोडत नाहीत. इंजिनिअरिंगमध्ये पहिल्या ट्रायलला काय होतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपचा राग धरू नका. त्यात शिरा. सर्व्हिसच्या मुलांनी वर्षभरात टाकलेले प्रश्न, फोटो, "भाऊ, इथे कुठली सेटिंग?" हे सगळं तुमचं खरं संशोधन आहे. त्या दहा कामांची यादी तिथूनच निघेल.

विमानांकडे परत जायचं असेल तर खुशाल जा, तिथलं काम सुंदर आहे. पण या प्रसंगामुळे जाऊ नका. सहा महिने द्या.

आणि सुरुवात टेफ्लॉनपासूनच करा. त्या कारखान्यात, शक्य तर त्याच पाळीला जा. हात भाजलेला ऑपरेटर कामावर परत आला असेल तर त्याच्याशी बोला, मॅन्युअलचं समर्थन न करता. मग हा मजकूर मोठ्या अक्षरांत एका पानावर छापून जॉशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा:

जॉ गरम आहे. हात भाजेल.
मशीन थांबवा. मेन स्विच बंद करा. कुलूप घाला.
हवेचा व्हॉल्व्ह बंद करा. आत उरलेली हवा बाहेर काढा. काटा शून्यावर आला का ते पाहा.
जॉचं तापमान मोजा. ४० अंशांखाली येईपर्यंत थांबा.
आता जुनं टेफ्लॉन काढा.

तापमान कशाने मोजणार, हा प्रश्न तो लगेच विचारेल. मेन बंद केल्यावर स्क्रीनही बंद होणार आहे. हाताने धरायचा थर्मामीटर खिशात घेऊन जा, आणि तो मशीनच्या टूलकिटमध्ये घालायला किती खर्च येतो ते विचारून ठेवा. जॉ थंड व्हायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा. पंधरा मिनिटांत बसत नसेल तर अडचण तुमच्या पानाची नाही, डिझाइनची आहे, आणि तसं लेखी कळवा. त्याने टेफ्लॉन बदलताना तुम्ही काही बोलू नका. कुठल्या ओळीवर त्याचा हात थांबला तेवढं टिपून घ्या आणि मला कळवा.